जिप्सीखालून निघालेली सहा घमेली माती

परवाच्या शनिवारी मुळशीत गाडी चिखलात घातली आणि रविवार-सोमवार दोन्ही दिवस ती धुण्यात गेले. सोमवारची सुट्टी आधीच टाकलेली म्हणून जमलं. गाडी म्हणजे २००६ ची मारुती जिप्सी, १.३ लिटर, सेकंडहँड घेतलेली, पुढेमागे दोन्हीकडे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग), खाली शिडीसारखी चासी, आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री व्हील हब (पुढची चाकं फोर व्हील ड्राइव्हला जोडायची-सोडवायची) बसवून घेतलेत. चिखलात गाडी कशी चालवायची यावर लोक तासन् तास बोलतात, घरी आणल्यावर तिचं काय करायचं यावर कोणी फारसं बोलत नाही, आणि माझं तर ठाम मत झालंय की चिखलात घातल्याने गाडीचं जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट नंतर आत राहून गेलेल्या ओल्या मातीने होतं.

हे मत फुकट झालेलं नाही. गेल्या पावसाळ्यात अशीच ट्रिप करून आलो, अंग मोडून आलेलं, येता येता एका वॉशिंग सेंटरला गाडी टाकली. फोम मारला, प्रेशरने धुतली, खालून डिझेल-ऑइलचा स्प्रे मारून चासी काळी कुळकुळीत करून दिली, मी पण खूश. दिवाळीच्या आसपास क्लचचं काम निघालं म्हणून गॅरेजवाल्या मामांनी गाडी वर घेतली आणि सवयीने चासीवर हातोडीने टकटक करत गेले. उजवीकडे टण टण वाजत होतं, डावीकडे मागच्या चाकाच्या पुढे आल्यावर भद्द आवाज आला. भोकातनं स्क्रूड्रायव्हर घातला तर टोकाला ओली माती! ऑक्टोबरची हीट होऊन गेली तरी आत ओल तशीच. मामा म्हणाले, "बाहेरनं धुतलीस बाळा, आतनं कुजत ठेवलीस." खालचा पत्रा पापुद्रे निघाल्यासारखा सुटत होता, शेवटी वितभर तुकडा कापून नवीन प्लेट वेल्ड करावी लागली. तो कापलेला तुकडा मी अजून जपून ठेवलाय.

चासीची पट्टी म्हणजे आतून पोकळ असते, चौकोनी नळीसारखी, आणि तिला जागोजागी भोकं असतात. चिखलात गाडी पोटापर्यंत बसली की पातळ चिखल त्या भोकांतनं आत शिरतो, मग पाणी निथळतं पण माती आतच बसते, आणि खालची निथळायची भोकं नेमकी त्याच मातीने बुजतात. त्यात भाताच्या खाचरातली माती म्हणजे वर्षानुवर्षं चिखलणी करून करून लोण्यासारखी बारीक झालेली असते, ती फटीफटीत जाते आणि पाणी धरून ठेवते. वरचा थर वाळून भेगाळलेला दिसतो तेव्हा आत बोट घाला, गार लागतं.

तर शनिवार. मित्राच्या मामांची जमीन आहे ताम्हिणीच्या अलीकडे, सगळीकडे लावणी चालू पण दोन खाचरं यंदा पड ठेवलेली, तिथे त्यांनीच या म्हणून सांगितलं होतं. न विचारता कोणाच्या खाचरात गाडी घालू नका, बांध फुटला तर त्या माणसाचं पाणी जातं आणि त्याबरोबर रोपं जातात. चार गाड्या होतो, माझी दोनदा हबपर्यंत बसली, एकदा फोर लो मधे (चारी चाकांना जोर देणारा हळू गिअर) स्वतःहून निघाली, दुसऱ्यांदा पट्टा लावून ओढावी लागली. मजा आली ती आलीच, त्यात जात नाही.

परतीच्या रस्त्यावर गाडी स्वतःच सांगायला लागली. पन्नासच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, ब्रेक दाबला की मागनं खर्र खर्र, आणि टेम्परेचरचा काटा रोजच्यापेक्षा चांगलाच वर. थांबून बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला एकेका ठिकाणी मुठीएवढा चिखल चिकटलेला, त्याने चाकाचा बॅलन्स जातो. तिथेच काठीने जमेल तेवढा खरवडला. बाकीचे म्हणाले पुढे ओढा आहे, त्यातच उभ्या करून धुऊ. मी नाही म्हटलं. खाली चिखलाबरोबर ग्रीस असतं, ऑइल असतं, आणि त्याच ओढ्यावर खाली गुरं पाणी पितात. एकाने ऐकलं, दोघं गेले धुवायला, मला ते आवडलं नाही आणि मी तिथेच बोलूनही दाखवलं.

पुण्यात आमच्या सोसायटीत पार्किंगमधे गाडी धुवायला बंदी आहे (बरोबरच आहे, उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या पाण्यावर असतो) म्हणून सरळ पौडजवळ काकांकडे गेलो. काकांचं बोअर आहे, पावसाळ्यात पाण्याची ददात नाही, आणि मुख्य म्हणजे फवारणीचा एचटीपी पंप आहे. रात्री पोचल्यावर तासभर गाडी गार होऊ दिली, तापलेल्या डिस्कवर आणि रेडिएटरवर एकदम गार पाणी मारायचं नसतं, आणि मग झोपायच्या आधी नुसती नळी धरून वीस मिनिटं खालून पाणी सोडलं. धुवायला नाही, फक्त चिखल वाळू नये म्हणून. एकदा वाळला की दगड होतो.

सकाळी काका पडवीत चहा घेत होते, त्यांनी गाडी बघितली आणि आत जाऊन बांबूच्या दोन कामट्या तासून घेऊन आले. म्हणाले, "लोखंडाने खरवडू नको, रंग जाईल. आम्ही टिलर याच्यानेच साफ करतो." चिखलणीच्या दिवसात पॉवर टिलरची चाकं आणि पाती त्याच संध्याकाळी धुतल्याशिवाय काका जेवायला बसत नाहीत हे मी लहानपणापासून बघतोय, पण त्याचा आपल्या गाडीशी संबंध आहे हे त्या कामट्या हातात आल्यावर डोक्यात शिरलं. अर्धं काम त्या कामट्यांनीच केलं. फेंडरच्या आतली कड, बंपरच्या मागची खाच, पेट्रोलच्या टाकीच्या वरचा सपाट भाग जो कधीच दिसत नाही, सगळीकडे पातळ कामटी आरामात जाते.

गाडी वर घेतली, खाली घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्या, वर घेताना जमिनीवर असलेल्या चाकांना पुढेमागे दगड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच झोपायचं नाही, अंगणात तर मुळीच नाही, ओल्या जमिनीत जॅक खचतो, म्हणून घोड्यांखाली फळ्या टाकल्या. चारी चाकं काढून बाजूला ठेवली. हे कंटाळवाणं काम आहे पण चाकं काढल्याशिवाय धुणं म्हणजे निम्मी गाडी न धुणं.

एचटीपी पंप मला वॉशिंग सेंटरच्या प्रेशरपेक्षा बरा वाटला. धार लांब जाते पण पत्र्यावरचा रंग उपटेल किंवा सीलच्या आत पाणी घुसवेल इतका जोर नसतो. हौसेने फार जोराचा प्रेशर वॉशर घेऊन लोक ॲक्सलच्या सीलवर आणि स्टिअरिंग नकलच्या (पुढचं चाक जिथे वळतं तो सांधा) गोळ्यावर जवळून मारतात, त्याने चिखल निघतो खरा पण पाणी आत ग्रीसमधे जातं. काकांनी फवारणीचा पाइप आणि धुण्याचा पाइप वेगळा ठेवलाय, ते मात्र बघून घ्या, तणनाशकाचा पाइप असेल तर हात लावू नका.

चासीसाठी मी एक जुगाड केलं. अर्ध्या इंचाची मऊ नळी घेतली, टोक बंद केलं आणि टोकापासून वितभर अंतरात तापलेल्या खिळ्याने बारीक भोकं पाडली. ती नळी चासीच्या भोकातनं आत सरकवत न्यायची आणि पाणी सोडायचं. आधी खालची सगळी निथळायची भोकं तारेने मोकळी केली, नाहीतर आत नुसतं तळं होतं. डाव्या बाजूने पहिली पाच मिनिटं चॉकलेटी पाणी, मग गढूळ, मग परत अचानक चॉकलेटी, म्हणजे आतला एखादा ढेकूळ सुटला. मधेच हातोडीने टकटक, परत पाणी. एकेक बाजूला पाऊण तास गेला. शेवटी पाणी बोअरमधनं येतं तसं स्वच्छ यायला लागलं, तरी मी अजून दहा मिनिटं चालू ठेवलं कारण गेल्या वर्षीचा तो भद्द आवाज डोक्यातनं जात नव्हता. आता दोन्हीकडे टण टण.

पाट्यांच्या मधे माती अडकते ती वायर ब्रशने काढली. इथे बरेच जण जळकं ऑइल किंवा डिझेल मारायला सांगतात, वॉशिंग सेंटरला तर न विचारताच मारतात. दोन दिवस छान काळं दिसतं, पण डिझेलने रबरी बुश फुगून मऊ पडतात आणि त्या तेलकटपणावर पुढची सगळी धूळ चिकटते. आणि ओल्या मातीवर ऑइल मारलं तर माती आत झाकली जाते, माझं तेच झालं होतं.

मग ब्रेक. मागे ड्रम आहेत, त्यांना दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट एकाआड एक थोडे थोडे कसत गेलं की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो, हातोड्याने ठोकत बसायची गरज नाही. उघडल्यावर मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. आत खालच्या अर्ध्या भागात राखाडी गाळ साचलेला, लायनरवर (ड्रमला घासून गाडी थांबवणारी पट्टी) बारीक वाळूचा थर. हाच खर्र खर्र आवाज. ही वाळू म्हणजे पॉलिश पेपरच, प्रत्येक ब्रेकला ड्रमवर चरे काढते आणि लायनर खाते. हवा मारून उडवायचं नाही, ती धूळ नाकात जाते, ओलंच धुवायचं. पाण्याने धुतलं, मग ब्रेक क्लीनर मारला, व्हील सिलिंडरची रबरं उचलून बघितली, कोरडी होती. डाव्या ड्रमवर नखाला लागेल असे दोन चरे पडलेत, एका दिवसाच्या चिखलाने. पुढे डिस्कच्या मागच्या पत्र्यात एक चिंचोक्याएवढा खडा अडकलेला, तो कामटीने काढला.

रेडिएटरला घाई केली नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी मारायचं, म्हणजे घाण जशी आत आली तशीच उलटी बाहेर जाते, समोरून मारलं तर जाळीत अजून खोल बसते. प्रेशर अजिबात नको, साध्या नळीला बोट लावून पसरट धार. आधी अर्धा तास नुसतं भिजवून ठेवलं. चिखल तर निघालाच, गवताची पाती आणि कसल्या कसल्या बिया पण निघाल्या, खालचा जवळजवळ चार बोटं पट्टा पूर्ण बंद होता. काटा वर का जात होता ते कळलं. रेडिएटरच्या जाळीतल्या काही पात्या आधीच्या प्रेशर वॉशने आडव्या झालेल्या आहेत, त्या हळू हळू पातळ पट्टीने सरळ करत बसलो, काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली तेव्हा उठलो. इंजिनवर पाणी मारताना अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकची पिशवी बांधून झाकलं होतं. एअर फिल्टर उघडला, कोरडा निघाला, झटकून परत लावला.

दुपारनंतर डिफ्रन्शल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा. हा भाग मी गेल्या वर्षी केलाच नव्हता. रस्त्यावरनं येताना डिफ्रन्शल तापलेलं असतं, ते एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरनं काहीतरी ओढून घेते. त्यासाठी वर हवा आतबाहेर जायला छोटा ब्रीदर असतो, पण तो चिखलाने बुजला किंवा पाण्याखाली गेला तर पाणी आत ओढलं जातं, सीलच्या कडेनेसुद्धा. आधी भरायचं बूच उघडा, मग खालचं. खालचं आधी उघडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचं बूच जाम निघालं तर गाडी जागेवर अडकते. पुढच्या डिफ्रन्शलचं ऑइल स्वच्छ सोनेरी निघालं. मागचं बूच सैल केलं तर पहिल्यांदा चमचाभर पाणीच आलं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं, आणि मागून जे ऑइल आलं ते दूध घातलेल्या चहासारखं. असं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही, गिअरच्या दातांना आतनं गंज धरतो, आणि वरनं काहीच कळत नाही, आवाज यायला लागतो तेव्हा खर्च ठरलेला असतो. सगळं काढलं, थोडं नवीन ऑइल घालून चाकं हाताने फिरवली, तेही काढलं, मग नवीन ९० नंबरचं गिअर ऑइल भरायच्या भोकातनं परत सांडेपर्यंत भरलं. जुनं ऑइल कॅनमधे भरून गॅरेजला दिलं. ब्रीदर काढून बघितला तर मातीने गच्च. त्याच्या जागी नळी लावून ती वर टेललाइटपर्यंत नेली, पन्नास-साठ रुपयांचं काम आहे, गाडी घेतली तेव्हाच करायला हवं होतं.

सोमवारी ग्रीस. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, त्यामुळे जोर पोचवणारे दांडे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, तीन, आणि प्रत्येकाला क्रॉस, म्हणजे टोकाचा वळता सांधा. ग्रीस गनने निपलमधनं भरत राहायचं, आधी राखाडी, वाळू मिसळलेलं ग्रीस बाहेर येतं, मग काळं, मग नवीन आलं की थांबायचं. पुसून घ्यायचं, बाहेर आलेलं ग्रीस तसंच सोडलं तर धूळ धरतं. हबची झाकणं उघडली, डावीकडे थोडी ओल होती, पुसून नवीन ग्रीस लावलं. नकलच्या गोळ्यावरची माती फडक्याने काढली आणि ग्रीसचा हलका हात दिला.

आतलं काम पटकन झालं. सीट काढल्या, रबरी मॅटखाली पाणी होतंच, फ्लोअरची बुचं काढून पाणी सोडून दिलं आणि दिवसभर उघडीच ठेवली. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावला आणि साबणाच्या पाण्याने धुतले, चिखलाचा पट्टा तसाच आत गेला तर गुंडाळायची यंत्रणा अडकते, आणि ती अडकून चालणारच नाही. ओढायचा नायलॉनचा पट्टाही बादलीत तीनदा पाणी बदलून धुतला, धाग्यांमधली वाळू पुढच्या वेळी ताण आला की धागा आतनं कापते. उन्हात नाही, सावलीत वाळत घातला, नाहीतरी मुळशीत जुलैमधे ऊन कुठलं. म्हणून तो अजून ओलाच आहे, घरी गॅलरीत टांगलाय.

बॉडी सगळ्यात शेवटी. लोक इथून सुरुवात करतात. कोरड्या चिखलावर फडकं फिरवलं की रंगावर जाळं पडतं, म्हणून आधी भरपूर पाणी, मग शॅम्पू, दोन बादल्या, वरून खाली. तासाभरात झालं. चासीवर जिथे गंजाचे डाग दिसले तिथे वायर ब्रश, रेड ऑक्साइड, आणि पुढच्या कोरड्या आठवड्यात वरून काळा रंग देणार. आतल्या पोकळीत वॅक्स मारायचंय, पण आतनं खडखडीत वाळल्याशिवाय नाही, त्यामुळे ते आता पावसानंतरच.

संध्याकाळी अंगणातली माती गोळा केली. घमेल्याने मोजली, सहा घमेली भरली. ओली माती, एकेक घमेलं पंधरा-वीस किलोचं धरलं तर शंभर किलोच्या आसपास माती मी मुळशीहून घेऊन आलो होतो. काका ती खाचराच्या बांधावर टाका म्हणाले, पण त्यात ब्रेकची आणि ग्रीसची घाण मिसळलेली, म्हणून पिकापासून लांब, रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकली.

पौडहून निघालो. पहिले दोन किलोमीटर ब्रेक हलके हलके दाबत नेले, लायनर वाळेपर्यंत ब्रेक नीट धरत नाहीत. पिरंगुटच्या पुढे सत्तरवर नेली, स्टिअरिंग शांत. चांदणी चौकात ट्रॅफिकमधे अर्धा तास उभा होतो, काटा जागचा हलला नाही. रात्री पार्किंगमधे गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवलं, ऑइल गळतंय का बघायला. सकाळी ऑइलचा एक थेंब नव्हता, पण डाव्या चासीच्या बरोबर खाली, मागच्या चाकापुढे, चमचाभर बारीक माती पडलेली होती, कोरडी. येत्या रविवारी परत पौडला जातोय, ती भोकाची नळी गाडीतच ठेवलीये.